कृष्णातच्या टेपा

नव्या डिस्कवर पहिली टेप उतरवायला घेतली आणि टेप ड्राइव्हवरचा हिरवा दिवा विझला. पिवळा थोडा वेळ लुकलुकला, आतून मांजरानं नख्या घासाव्यात तसा आवाज आला, टेप मागं गेली, पुढं आली, पुन्हा मागं गेली. मग तांबडा दिवा लागला आणि लागूनच राहिला. पडद्यावर ओळ उमटली, ‘टेप रीड एरर’. नंदिनीनं बटण दाबून टेप बाहेर काढली. ऑडिओ कॅसेटपेक्षा मोठी, जाड, खाली ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली ती टेप हातात गरम लागली. लेबलवर कृष्णातचं अक्षर होतं. हजेरी, पगार, फंड आणि शेवटच्या शनिवारची तारीख. ‘हजेरी’तल्या ‘ह’ला त्यानं नेहमीसारखी लांब शेपटी काढली होती. ते लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी, मुरगूडच्या रस्त्यावर, मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली होती. नंदिनीनं लेबलवर अंगठा ठेवला आणि लगेच उचलला. कुणी बघतंय असं उगीचच वाटलं. खोलीत कुणी नव्हतं. एअरकंडिशनर घुमत होता, आणि दोन दारांपलीकडून सूतगिरणीच्या चात्यांचा अखंड आवाज येत होता.

ती बातमी तिला सोमवारी सकाळी गेटवर कळली होती. के.एम.टी.च्या बसमधून उतरल्यावर वॉचमन म्हणाला, “बाई, तुमचा तो कॉम्प्युटरवाला पाटील गेला की हो.” तिला वाटलं, नोकरी सोडून गेला. “कुठं गेला?” असं तिनं विचारलं होतं. वॉचमन तिच्याकडं बघत राहिला. तो प्रश्न पुढं कितीतरी दिवस तिच्या कानात राहिला, एखाद्या मूर्ख मुलीनं विचारल्यासारखा. दुपारी कॅन्टीनमध्ये शोकसभा झाली. अक्षर चांगलं म्हणून फळ्यावर नाव लिहायचं काम तिच्याकडं आलं. तिनं ‘कै. कृष्णात गुंडू पाटील’ असं लिहिलं. खडू बोटांत मोडला, तेव्हा कुणीतरी दुसरा दिला. मुरगूडला जायला ऑफिसची जीप निघाली, तर तिच्यात सगळे पुरुषच बसले. ऑफिसचे साहेब हंबीरराव म्हणाले, “तुम्ही कशाला, बाई? तुम्हाला सोसायचं नाही ते.” आणि ती राहिली. कोण होती ती त्याची? एका खोलीत बसणारी बाई. त्याच्यापेक्षा वयानं मोठी, शिवाजी पेठेत वडिलांजवळ राहणारी, लग्न न झालेली. तो तिला ताई म्हणायचा. ती त्याला पहिलं वर्षभर अहो-जाहो करायची, आणि मग कधी तरी, कोणत्या दिवशी ते तिलाही सांगता आलं नसतं, तू म्हणायला लागली होती.

त्याच आठवड्यात कॉम्प्युटरची डिस्क बंद पडली. कामगारांची हजेरी, बदली कामगारांचे भरलेले दिवस, फंडाचे आकडे, कॉम्प्युटर आल्यापासूनचं सगळं त्या डिस्कवर होतं. पुण्याहून नवी डिस्क यायला बरेच दिवस लागले. तोवर ती बंद यंत्रासमोर बसून होती, आणि एका परीनं ते बरंच होतं. बंद यंत्रासमोर गप्प बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. काल देशिंगकर नावाचा इंजिनिअर डिस्क घेऊन आला. ती बसवून झाल्यावर, आलोच आहे तर म्हणून, टेप ड्राइव्हही उघडून त्यानं साफसफाई केली आणि संध्याकाळच्या गाडीनं तो पुण्याला परत गेला. आता फक्त टेपवरची माहिती डिस्कवर उतरवायची होती. दर शनिवारी कृष्णात ती टेपवर घेत असे. अशा टेपांचं एक कपाटच भरलं होतं.

तिनं स्पिरिटमध्ये कापूस बुडवून ड्राइव्हचं हेड पुसलं. कापूस पांढराच राहिला, कालच पुसलेलं होतं. टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पळवून आणली, म्हणजे सैल पडली असेल तर ताणली जाते. हे कृष्णातनंच शिकवलं होतं. “हिला आधी जरा पळवून आणायची ताई, तालमीतल्या पोरागत. मग नीट बोलती.” पुन्हा लावली. पिवळा, पिवळा, तांबडा. आधीच्या शनिवारची लावली. तांबडा. दिवाळीच्या आधीची लावली. तांबडा. एक कोरी टेप काढून तिच्यावर तिनं चार ओळी लिहिल्या आणि वाचून पाहिल्या. हिरवा. स्वच्छ, निर्मळ, बिनतक्रार हिरवा. म्हणजे ड्राइव्ह ठीक होता. ड्राइव्ह ठीक, कोरी टेप ठीक, आणि कपाटातून काढलेली कृष्णातची एकही टेप वाचता येत नव्हती. पुढचा विचार आपण करत नाही आहोत, असं तिनं स्वतःला बजावलं. पण तो विचार करायला हंबीररावसाहेब दारात उभे होते.

हंबीरराव माणूस वाईट नव्हता. गिरणीच्या हिशेब खात्यातून वर चढलेला, कॉम्प्युटर गळ्यात पडल्यामुळं कायम धास्तावलेला माणूस. त्यानं सगळ्या टेपा बघितल्या, तांबडा दिवा बघितला, कोऱ्या टेपेवरचा हिरवा बघितला आणि स्टुलावर बसला.

“सरळ आहे की हो बाई,” तो म्हणाला. “टेपांवर काही घेतलंच नाही त्यानं. नुसती लेबलं चिकटवली.”

“नाही, साहेब.”

“मग? टेपांना भूत लागलं काय? मला गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही. पण संचालक माझी मान धरणार. मी काय सांगू त्यांना?”

“मी समोर बसलेली असायची. लिहून झालं की तो वाचून बघायचा. हिरवा लागल्याशिवाय उठायचा नाही.”

“दर शनिवारी तुम्ही होता?”

दर शनिवारी ती होती. शनिवारी अर्धा दिवस असे. दोनचा भोंगा झाला की सगळे जात. कृष्णात टेप फिरायची वाट बघत बसायचा आणि तिलाही काहीतरी काम निघायचं. ते काम काय असायचं, हे आता सांगायला गेलं तर सांगता आलं नसतं. तो पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढायचा आणि दोघं टरफलं एका कागदावर ठेवत बोलत बसायची. तो मळ्यातल्या विहिरीबद्दल बोलायचा, वडिलांच्या रागाबद्दल बोलायचा, आणि आपण आयटीआय सोडून मिलिटरीत जायला कसे पळालो होतो आणि बेळगावच्या स्टँडवर वडिलांनी कसं धरलं ते नकलांसकट सांगायचा. हे सगळं हंबीररावाच्या त्या साध्या प्रश्नाच्या मागं उभं राहिलं.

“असायची,” ती शेवटी म्हणाली. “बहुतेक.”

हंबीररावानं तिच्याकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. त्या वळवण्यात काही वाईट नव्हतं, तरी तिचे कान तापले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली, तर ऑफिसच्या पायरीवर एक म्हातारा आणि एक तरुण बाई बसली होती. म्हाताऱ्याच्या डोक्याला मळकट पटका होता. बाईचं कपाळ मोकळं होतं, आणि ते इतक्यात मोकळं झालेलं आहे हे त्या जागच्या फिक्या डागावरून दिसत होतं. नंदिनीनं त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं. तरी ओळखलं. म्हाताऱ्याची हनुवटी कृष्णातची होती.

“तुमी त्या कंप्युटरातल्या बाई व्हय?” म्हातारा, म्हणजे गुंडूआण्णा, उठून उभा राहिला. “मी कृष्णाताचा बा. ही सूनबाई, शेवंता. हिच्या नोकरीचा अर्ज दिलाय. सायेब काल म्हनत हुते, हुईल. आन् आज म्हनत्यात, थांबा, बैठक हुं दे. तुमच्या पोरानं काम केलं नव्हतं म्हनून गिरनीचं नुस्कान झालंय.” त्याचा आवाज मोठा होता. पोर्चमधली माणसं बघायला लागली. “बाई, माझं पोरगं तापट आसंल, उडानटप्पू आसंल, पन कामचुकार न्हवतं की वो. खरं काय ते तुमी सांगा. हाय काय तसं?”

“नाही,” नंदिनी म्हणाली. “तसं नाही.”

“मग सांगा की सायबास्नी!”

“सांगते.”

शेवंता नंदिनीच्या पायातल्या चपलांकडं बघत होती. मग तिनं नजर उचलली आणि हळूच, निवांत बघून घेतलं. केस, चष्मा, साडीची पिन, हातातलं घड्याळ. नवऱ्याच्या खोलीत दिवसभर बसणारी बाई ती बघत होती. नंदिनीला एकदम चोरी पकडल्यासारखं झालं, आणि चोरी काय केली हे मात्र सापडेना.

घरी वडिलांनी, तात्यांनी, चहा करून ठेवला होता. ते चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण संध्याकाळच्या उजेडात खिडकीशी बसून अजून पेन्सिलीनं रंकाळा तलावाच्या पाण्याची रेघ काढत. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती रेघ एका बाजूला कलायची. त्यांना ती सरळच दिसे. “पाणी कसं वाटतंय?” त्यांनी विचारलं. “छान,” ती म्हणाली. कृष्णात गेल्याचं तिनं त्यांना सांगितलं होतं, “ऑफिसातला एक मुलगा वारला.” “अरेरे,” ते म्हणाले होते, “कुणाचा?” आणि ती कप उचलून आत गेली होती. आईसाठी ती रडली होती तेव्हा सगळी आळी आली होती. गडहिंग्लजहून आत्या आली, शेजारणींनी पिठलं-भात आणून दिला. या रडण्याला घरात जागाच नव्हती. ते न्हाणीघरात, नळ सोडून, थोडं थोडं उरकावं लागत होतं.

चहा पिता पिता ती तांबड्या दिव्याचा विचार करत होती. दिवा खोटं बोलत नाही, यंत्राला कुणाशी वैर नसतं. कृष्णातनंही वाचून बघितलेलं होतं, हिरवा लागलेला तिनं स्वतः पाहिला होता. मग त्या शनिवारच्या आणि आजच्या मध्ये काय बदललं? डिस्क. पण टेप वाचायला डिस्क लागत नाही. मग देशिंगकर हात पुसता पुसता काल काय म्हणाला होता ते तिला आठवलं. तिनं तेव्हा ते ऐकूनही घेतलं नव्हतं, कारण कृष्णातच्या खुर्चीवर तो पाय ठेवून उभा होता आणि ती तेच बघत होती. तो म्हणाला होता, “हेड बरंच तिरकं झालं होतं. सरळ करून ठेवलंय.”

तिचा कप हातातच राहिला. ड्राइव्हचं हेड म्हणजे ज्यातून टेपवर लिहिलं जातं आणि ज्यातूनच वाचलं जातं तो बोटाच्या पेराएवढा तुकडा. तो हळूहळू, महिन्यामहिन्यानं, कुणाच्या लक्षात न येता कलत गेला असेल. कृष्णातनं तिरकं लिहिलं आणि त्याच तिरक्या हेडनं वाचलं, म्हणून त्याला हिरवा मिळत गेला. आता हेड सरळ झालं होतं. सरळ हेडला सरळ लिहिलेलंच वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुण्याला ट्रंक कॉल लावला. देशिंगकर फोनवर आधी हसला, मग त्यानं आवाज खाली आणला.

“तसं असू शकतं,” तो म्हणाला. “आधी टेपा उतरवून मग हेडला हात लावायला हवा होता, हे खरं. पण बाई, हे मी बोललो असं कुठं म्हणू नका.”

“मला तुमचं नाव नको. हेडचा स्क्रू किती फिरवला होता?”

“ते कोण लक्षात ठेवतं? आणि आता तुम्ही त्याला हात लावू नका. बिघडलं तर आमची जबाबदारी नाही.”

हंबीरराव ऐकून घाबरला. “चांगलं चाललेलं यंत्र मुद्दाम वाकडं करायचं? आणि ते परत सरळ झालं नाही तर?”

“तर माझं नाव सांगा,” नंदिनी म्हणाली. आयुष्यात प्रथमच ती साहेबासमोर खुर्चीत बसून बोलत होती, उठायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. “बाईंनी न विचारता केलं म्हणून सांगा. मला काढून टाका.”

“एका पोरासाठी एवढं?” तो म्हणाला. टोचून म्हणाला नव्हता, खरंच विचारत होता.

“त्या टेपांवर सगळं आहे, साहेब. रिकाम्या नाहीत त्या.”

तिनं झाकण काढलं. स्क्रूच्या डोक्यावर देशिंगकरनं रंगाचा ताजा थेंब टाकला होता, स्क्रू हलू नये म्हणून. तो तिनं ब्लेडनं खरवडला. घड्याळजीचा असावा तसा बारीक स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवला आणि केसभर फिरवला. कृष्णातची शेवटची टेप लावली. तांबडा. आणखी केसभर. तांबडा. हंबीरराव दारात उभा राहिला, गेला, पुन्हा आला. उलट्या दिशेला चाललोय की काय, असं वाटून तिनं परत मागं आणलं, मग कुठून सुरुवात केली तेच कळेनासं झालं. आता सरळही नाही आणि तिरकंही नाही. डोळे मिटून ती क्षणभर बसली. तेव्हा तिला काही सुचलं नाही, कुणी कानात सांगितलं नाही. गेलेली माणसं मदत करत नाहीत. फक्त एअरकंडिशनर घुमत होता. तिनं डोळे उघडले आणि पुन्हा दुसऱ्या बाजूनं, केसभर, केसभर सुरुवात केली. दुपार झाली. बोटाला खाच पडली. एकदा तांबडा लागायला जरा उशीर झाला. ती पुढं झुकली. आणखी थोडं फिरवलं. पिवळा लुकलुकला, लुकलुकत राहिला, टेप मागं न जाता पुढं सरकली, आणि पडद्यावर नावं यायला लागली. आदमापुरे ज्ञानू. कांबळे तानाबाई. खोत दत्तू. ओळीमागून ओळ, पाणी आल्यासारखी. हिरवा दिवा लागला होता. तो कधी लागला ते तिनं पाहिलंच नव्हतं.

“आलं?” हंबीररावानं मागून विचारलं.

तिनं नुसती मान हलवली. हंबीररावानं टोपी काढली, डोकं पुसलं. “बसा, बसा बाई,” तो म्हणाला, ती बसलेलीच होती. “माझंच चुकलं. त्या म्हाताऱ्याला मी नको ते बोललो.”

सगळ्या टेपा उतरवायला तो आठवडा गेला. मग देशिंगकर पुन्हा आला, हेड सरळ करून, रंगाचा थेंब टाकून गेला. नव्या टेपा निघाल्या, त्यांच्यावर नंदिनीच्या अक्षरातली लेबलं लागली. कृष्णातच्या टेपा आता जगातल्या कुठल्याच ड्राइव्हवर वाचता येणार नव्हत्या. एका दुपारी त्या एकेक लावून तिनंच पुसल्या, कारण टेपा महाग होत्या आणि पुन्हा वापरायच्या होत्या. लेबलं निघता निघेनात. तिनं ती ओल्या फडक्यानं भिजवून काढली. शाई फडक्यात उतरली. तिनं एकही ठेवून घेतलं नाही. ठेवून घेतलं असतं तर ते कशात ठेवायचं, आणि तात्यांना सापडलं तर काय सांगायचं?

संक्रांतीनंतर शेवंता टाइम ऑफिसात शिपाई म्हणून लागली. मुरगूडहून पहिल्या एस.टी.नं यायची. आधी बुजली, मग चार-सहा दिवसांत चहाची किटली घेऊन सगळीकडं जायला लागली. कॉम्प्युटर रूममध्ये मात्र यायची नाही. बाहेरच्या दाराशी कप ठेवून जायची. एक दिवस आत आली. गार हवेनं अंग चोरून उभी राहिली आणि खोलीभर बघत राहिली. कपाट, यंत्र, दोन खुर्च्या.

“बस की,” नंदिनी म्हणाली.

शेवंता कृष्णातच्या खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली. किटली पदरानं पुसत राहिली.

“ताई, एक इचारू?”

“विचार.”

“ते हितं बोलायचे काय वो?”

“म्हणजे?”

“घरात लई बोलायचे न्हाईत. आल्यावर जेवायचे, आन्नासंगं मळ्याचं बोलायचे आन् पडायचे. सासूबाई, नणंदा, घर भरल्यालं. मला वाटायचं, मानसाचा सभावच गप्प हाय. आन् हितं तर सगळी म्हनत्यात, लई बोलका हुता, लई हसवायचा.”

नंदिनीच्या घशाशी किती तरी गोष्टी आल्या. त्याच्याबद्दल कुणीतरी प्रथमच तिला विचारत होतं. “बोलायचा,” ती म्हणाली आणि तिला आपला आवाज मोकळा होताना जाणवला. “नकला करायचा. मिलिटरीत जायला पळाला होता, ते सांगायचा. बेळगावच्या स्टँडवर—”

“मिल्ट्रीत?” शेवंता म्हणाली. “कवा?”

तिला माहीत नव्हतं. तिचा हात किटलीवर थांबला होता. चेहऱ्यावर राग नव्हता. दुकानात उभं राहून दुसऱ्यांनी घेतलेलं बघावं तसे डोळे झाले होते. नंदिनी थांबली. अजून विहीर होती, शेंगा होत्या, आवडणारी आणि न आवडणारी माणसं होती. पाच वर्षांचे शनिवार होते. ते सगळं आपण आता एकेक करून या बाईसमोर मांडत जाणार, आणि प्रत्येक गोष्टीगणिक तिच्याजवळ काय नव्हतं ते तिला कळत जाणार.

“पण तसं फार नाही,” नंदिनी म्हणाली. “बाकीच्यांशी थट्टामस्करी. इथं आत बसला की घरचंच बोलायचा.”

“घरचं म्हंजे?”

“तुझंच.”

शेवंतानं एकदम वर पाहिलं. “माजं? माजं काय बोलनार?”

तात्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला नंदिनी रजेवर होती. परत आली त्या दिवशी कृष्णात हेड पुसत होता. मान वर न करता म्हणाला होता, “तुम्ही नव्हता ताई, तर ही खोली लई मोठी वाटाय लागलीती.” एवढंच. पुन्हा तो त्याबद्दल कधी बोलला नाही, आणि तिनंही ऐकलं न ऐकलंसं केलं होतं. ते वाक्य तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“तू मागल्या पंचमीला माहेरी गेली होतीस ना?” तिनं विचारलं.

“गेलते की.”

“तेव्हा म्हणाला, ती नाही तर... घर लई मोठं वाटाय लागलंय.”

शेवंतानं पदर तोंडावर धरला. खांदे हलायला लागले. नंदिनीला वाटलं उठून तिच्याजवळ जावं, पण ती उठली नाही. बऱ्याच वेळानं शेवंतानं डोळे पुसले. नाक लाल झालं होतं, आणि चेहऱ्यावर लाजल्यासारखं काहीतरी होतं.

“आसं म्हनले?”

“असंच.”

“कसं म्हनले? परत एकदा सांगा की.”

नंदिनीनं परत सांगितलं. या खेपेला ‘घर’ म्हणताना ती अडखळली नाही.